सभेतला आनंद घरी टिकत नाही, तेव्हा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३८. माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. सध्या पिंपरी-चिंचवडमध्ये एका खासगी रुग्णालयात परिचारिका, ड्युटी पाळ्यांची. पती, शाळेत जाणारी दोन मुलं. "दर मे महिन्यात संजीवन सभांना, म्हणजे विश्वास ताजा करणाऱ्या ख्रिस्ती मेळाव्यांना, जाते. तीन दिवस मन भरून येतं, रडू येतं, देव अगदी जवळ वाटतो. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत सगळं ओसरतं. मोबाईल चार्ज करावा आणि बॅटरी उतरावी तसं झालंय. दर जानेवारीत वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प करते, तो फेब्रुवारीत मोडतो. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत, झोप येते. येता-जाता यूट्यूबवर संदेश ऐकत असते. प्रार्थना गटातल्या एका बहिणीने सांगितलं, लपलेलं पाप असल्याशिवाय असं होत नाही. आता एक मैत्रीण नव्या फेलोशिपमध्ये चल म्हणतेय, तिथे दर रविवारी पवित्र आत्म्याचा अभिषेक जाणवतो म्हणे. आपली मंडळी (चर्च) सोडून तिथे जावं का? की नोकरीच सोडून पूर्णवेळ सेवेत उतरावं? प्रभूमध्ये कायमचं समाधान खरंच मिळतं का, की ते साक्ष देणाऱ्यांनाच मिळतं?"

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होय, प्रभूमध्ये टिकणारं समाधान मिळतं, आणि ते माईकसमोर साक्ष देणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं नाही. पण तुम्ही ते ज्या रूपात शोधताय त्या रूपात ते फार काळ कुणाकडेच राहत नाही. त्यामुळे तुमच्यापाशी आज जे आहे, तेही तुम्हाला दिसेनासं झालंय.

तुमच्या बॅटरीच्या उपमेत बरंच काही गृहीत धरलेलं आहे. देव सभेच्या मंडपात भेटतो, तिथून काहीतरी भरून आणायचं असतं, आणि वॉर्ड, स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास यांत ते संपून जातं. म्हणजे वर्षाचे तीन दिवस देवाचे, आणि बाकीचे त्याला उतरती कळा लावणारे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री याच समजुतीने येशूशी बोलते. मी देईन ते पाणी पिणाऱ्याला पुन्हा तहान लागणार नाही, असं येशूने तिला सांगितलेलं असतं. मला ते पाणी द्या, म्हणजे मला तहान लागणार नाही आणि इथवर पाणी काढायला यावं लागणार नाही, असं ती म्हणते. येशूने तहानेबद्दल वचन दिलं होतं, खेपा वाचतील असं तो कुठेच म्हणाला नव्हता. त्या दिवसानंतरही तिला घागर घेऊन त्याच विहिरीवर यावं लागलं असणार. एकदाच असं काही मिळावं की रोज यायला नको, हे मागणं तुमच्याही पत्रात आहे. आपल्यातल्या बहुतेकांच्या प्रार्थनेत ते कुठे ना कुठे असतंच.

सभांना नावं ठेवायची नाहीत. त्या तीन दिवसांत तुम्हाला रात्रपाळी नसते, डबे करायचे नसतात, दिवसातून दोन-तीनदा वचन ऐकायला मिळतं, शेकडो माणसं एका सुरात गातात आणि शेजारी बसलेली अनोळखी बाई तुमच्यासाठी मनापासून प्रार्थना करते. अशा ठिकाणी मन मोकळं होणारच, आणि देव त्यातूनही काम करतो. गडबड होते ती नंतर. त्या तीन दिवसांत जे वाटलं तेच खरं, आणि एरवी जे वाटतं ती घसरण, असा हिशोब आपण मांडतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात वचन आनंदाने लगेच स्वीकारणारी जमीन खडकाळ आहे, हे येशूनेच सांगून ठेवलंय. तिथे आनंद खोटा नाही, मूळ नाही.

मग खरं काय ते ओळखायचं कसं? जेझुइट संघाचा संस्थापक, स्पेनचा संत इग्नेशियस लोयोला तरुणपणी, १५२१ साली, पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झाला आणि कित्येक महिने घरात पडून राहिला. वेळ जावा म्हणून त्याला शूर सरदारांच्या कथा हव्या होत्या, हाती आली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या तो दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचा: एखाद्या थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याची, आणि संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड वाटत. पण पहिल्या प्रकारानंतर मन कोरडं पडे, आणि दुसऱ्यानंतर समाधान मागे राही. हा फरक त्याच्या ध्यानात आला आणि पुढे आत्मिक अनुभव पारखण्याची त्याची सगळी पद्धत त्यावर उभी राहिली. तुम्हीही हीच पारख वापरा. एखादी सभा, संदेश किंवा प्रार्थना चालू असताना काय वाटलं ते बाजूला ठेवा. तीन दिवसांनी मागे काय उरलं ते बघा. चिडचिड्या रुग्णाशी बोलताना आवाज जरा खाली आला का? कुणाची माफी मागावीशी वाटली का? की फक्त पुढच्या सभेची ओढ उरली?

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याची फळं नऊ सांगितली आहेत. त्यांत आनंद एकच आहे. प्रीती, सहनशीलता, ममता, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन ही तर माणसांत वावरतानाच दिसतात, डोळे मिटून बसल्यावर दिसत नाहीत. गेल्या वर्षीपेक्षा यातलं काय थोडं वाढलंय, हे पतीला विचारा. या बाबतीत घरच्या माणसाचा अंदाज आपल्यापेक्षा बरोबर असतो.

आता कोरडेपणाकडे येऊ. त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. सगळ्यांना 'जास्त प्रार्थना करा' हे एकच औषध दिलं की काहींचं दुखणं वाढतं.

पहिलं कारण शरीर. रात्रपाळी उतरून सकाळी आठ-नऊला घरी यायचं, मुलांचं उरकायचं आणि मग प्रार्थनेला बसायचं, तर झोप येणारच. त्यात अविश्वास कसला? राजांच्या पहिल्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खायला घालतो. होरेब डोंगरावर देवाचा मंद स्वर त्यानंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीने ऐकू येतो. तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात आधी झोपा. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. हेच तुम्ही दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं.

दुसरं, मनाचा आजार. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच गोडी राहिली नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर हा प्रश्न प्रार्थनेच्या पद्धतीचा नाही, डॉक्टरांकडे जाण्याचा आहे. जगणं नको असा विचार येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येतं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.

तिसरं, पाप. ते कारण असूच शकत नाही, असं म्हणता येणार नाही. पण त्या बहिणीने जे केलं ते ईयोबाच्या मित्रांनी केलं होतं: दुःख दिसलं की मागे पाप असणारच, असा उलटा निष्कर्ष. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी कुणी पाप केलं असं विचारलं, तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडून काढला. खरी जाणीव आणि नुसती टोचणी यांतला फरक ओळखता येतो. पवित्र आत्मा दाखवतो ते नेमकं असतं: अमक्या दिवशी, अमक्याशी मी खोटं बोलले. आणि पुढचं पाऊलही दिसतं: जाऊन सांग, पैसे परत कर, ते थांबव. 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' असं नुसतं धुकं असेल, कोणतंच कृत्य नाही आणि करण्यासारखं काही नाही, तर तो दोषारोप आहे. एक संध्याकाळ काढा, कागदावर नेमकं जे आठवेल ते लिहा, देवापुढे कबूल करा, ज्याची भरपाई शक्य आहे ती आठवड्याच्या आत करा आणि कागद फाडून टाका. नंतर तीच टोचणी परत आली तर नव्याने खोदकाम करू नका. कॅथलिक वाचकांना यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. इतरांनी याकोबाच्या पत्राप्रमाणे एखाद्या प्रौढ, पोटात गोष्ट ठेवणाऱ्या विश्वासू व्यक्तीजवळ बोलावं. गटात सगळ्यांसमोर मात्र बोलू नये.

चौथं कारण साधं आहे: सवय सुटलेली असते. त्याबद्दल पुढे येईनच.

पाचवं, वाढ. सोळाव्या शतकातल्या क्रूसभक्त योहान या स्पॅनिश संताने यावर फार बारकाईने लिहिलंय आणि तीन खुणा दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगातल्या इतर कशातही नाही. तरीही आपण देवाची सेवा नीट करत नाही ही काळजी मनाला लागून राहते. आणि पूर्वीसारखं कल्पनेने, विचाराने मनन करायला गेलं तर जमत नाही. तिन्ही एकत्र असतील तर देव माणसाला भावनेच्या आधारावरून हळूहळू काढून नुसत्या विश्वासावर चालायला शिकवतोय, असं तो म्हणतो. पहिली खूण असेल पण काळजी नसेल, तर ते बहुधा दुर्लक्ष असतं. उदासी आणि ही अवस्था एकत्रही असू शकतात, हेही त्याने नोंदवलंय. म्हणून दुसरं कारण आधी तपासून घ्या. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं, आणि तेवढी दशकं त्या रोज प्रार्थना आणि रोज काम करत राहिल्या. तुमच्या पत्रातली काळजी वाचून वाटतं की यातलं थोडं तुमच्याही वाट्याला आलं असावं. पण त्यावर शिक्का मारायची घाई नको. उपाय तसाही पुढचाच आहे.

वेळ घड्याळाला बांधू नका, पाळ्यांमध्ये ते मोडतंच. झोपेतून उठण्याला बांधा. सकाळपाळी असेल तर पहाटे, रात्रपाळी असेल तर दुपारी दोन-तीनला जाग येईल तेव्हा, पहिल्या चहाच्या आधी. पंधरा मिनिटं पुरेत. मोबाईल दुसऱ्या खोलीत, हातात छापील बायबल, वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ. खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसा. पलंगावर बसाल तर पाच मिनिटांत आडव्या व्हाल.

सुरुवातीची दोन मिनिटं काहीच मागू नका. 'प्रभू, मी आले आहे' एवढं म्हणा आणि श्वास शांत होऊ द्या. मग मार्काच्या शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं मोठ्याने दोनदा वाचा. पुटपुटणं पुरत नाही, आवाज हवा. झोप त्यानेच जाते आणि घाईघाईने वाचण्याची खोडही त्यानेच मोडते. दुसऱ्या वाचनात जिथे थबकाल तिथे पेन्सिलीची बारीक खूण करा. पुढची पाच मिनिटं त्याच ठिकाणाबद्दल येशूशी बोला, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. समजलं नाही, पटलं नाही, भीती वाटली, तेही बोला. शेवटी थोडा वेळ गप्प बसा आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून उठा. मार्काचे सोळा अध्याय या गतीने सुमारे दोन महिन्यांत होतात.

हे बिघडतं कुठे, तेही सांगून ठेवते. रोज 'आजचा संदेश' मिळालाच पाहिजे अशी अपेक्षा ठेवली की दहा दिवसांत निराशा येते. बहुतेक दिवशी काही विशेष घडणार नाही. एखादा दिवस फार चांगला गेला की दुसऱ्या दिवशी तासभर बसायचा मोह होतो, आणि तिसऱ्या दिवशी बसणंच होत नाही. पंधरा म्हणजे पंधरा. उलट अगदी कोरड्या दिवशी इग्नेशियसचा जुना सल्ला पाळा: ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच थांबा, एक मिनिट का होईना. कंटाळ्याच्या सांगण्यावरून उठायचं नाही, एवढंच त्यातून शिकायचं असतं. मन ड्युटीच्या यादीकडे धावलं तर शेजारी चिठ्ठी ठेवा, त्यावर दोन शब्द टाका आणि परत या. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. जिथे पेन्सिलीची खूण आहे तिथून पुढे.

शब्द सुचत नाहीत म्हणता, त्यासाठी तेरावं स्तोत्र बघा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, आणि 'कोठवर' हा सवाल चारदा. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा घेऊन स्वतःच्या सहा ओळी लिहा. उदाहरणार्थ:

प्रभू, किती दिवस तू असा गप्प राहणार?
वॉर्डातून घरी येते तेव्हा माझ्यात कुणाला द्यायला काही उरत नाही.
माझ्याकडे बघ.
आज मुलांवर ओरडायच्या आधी मला थांबव.
आईच्या आजारपणात तू सोबत होतास, ते मी विसरलेले नाही.
त्याच्याच आधारावर आज कामाला जाते.

शेवटच्या दोन ओळी मनापासून येत नसतील तर सोडून द्या. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे तक्रार मांडणं मराठी मनाला परकं नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणं आपण ऐकत वाढलो आहोत, आणि तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. त्यांची कितीतरी पदं तुमच्या घरातल्या 'उपासना संगीता'त असतील. एक पद निवडा आणि महिनाभर डबे करताना तेच म्हणा. रात्रपाळीत तीन वाजता प्रार्थना आठवत नाही, पाठ झालेलं गाणं आठवतं.

रात्रीची, किंवा पाळी संपल्यानंतरच्या बसमधली, सात-आठ मिनिटं दिवसाकडे मागे वळून बघण्यासाठी ठेवा. आधी दोन नेमक्या गोष्टींचे आभार. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' नको, 'बारा नंबरच्या आजींनी आज अर्धी भाकरी खाल्ली' असं. मग देवाकडे उजेड मागा आणि दिवस तासातासाने आठवा: कुठे मी त्याच्या जवळ सरकले, कुठे लांब गेले. ज्याबद्दल वाईट वाटतं त्यातल्या एकाच गोष्टीची क्षमा मागा. उद्याच्या एका प्रसंगासाठी मदत मागा. वहीत एक ओळ लिहा. हा क्रम उलटा केला आणि चुकांपासून सुरुवात केली, तर आठवड्याभरात ती स्वतःला झोडपण्याची वही होते. म्हणून आभार आधी. महिन्याने त्या तीस ओळी एकदम वाचा. सलग तिसऱ्या रात्रपाळीला राग येतो, बुधवारी फोनवर बहिणीशी बोललं की हलकं वाटतं, असं काहीतरी दिसायला लागेल. मग प्रार्थना नेमकी होते आणि काही वेळा ड्युटीची अदलाबदलही सुचते.

बायबल वाचनाचा संकल्प फेब्रुवारीत का मोडतो, याचं गणित सरळ आहे. अध्याय एकूण १,१८९. वर्षात संपवायचे तर रोज तीन-साडेतीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० धरले की जानेवारीच्या अखेरीस माणूस लेवीय पुस्तकाच्या दाराशी येतो, तेही निवासमंडपाच्या मापांचे अध्याय पार करून. तिथे यज्ञांचे प्रकार आणि कुष्ठरोगाचे नियम सुरू होतात. कुणी समजावून सांगणारं नसेल तर तिथेच बहुतेकांची गाडी थांबते. यात तुमची श्रद्धा कमी पडलेली नाही. या वर्षी मार्क, मग रोज एक याप्रमाणे स्तोत्रं (ती १५०, म्हणजे पाच महिने, ११९वं १७६ वचनांचं आहे, त्याला आठवडा द्या), मग लूक आणि प्रेषितांची कृत्यं. लेवीय पुस्तक पाळकांबरोबर किंवा अभ्यास गटात वाचायचं.

यूट्यूबवरचे संदेश आठवड्याला एकावर आणा. दहा वक्ते दहा दिशांनी ओढतात, प्रत्येक जण काहीतरी तातडीचं सांगतो, आणि ऐकण्याचं समाधान करण्याच्या जागी बसतं. बसमधली बाकीची वेळ मोकळी राहू दे. सुरुवातीचे काही दिवस अस्वस्थ वाटेल.

हे सगळं एकटीने करायचं ठरवलंत तर फार तर तीन महिने टिकेल. एक व्यक्ती हवी. मंडळीतली वयाने मोठी, प्रार्थनेत मुरलेली, आणि तुमच्या आनंदाने किंवा रडण्याने हुरळून न जाणारी बाई शोधा. प्रवचन झोडणारी नको. महिन्यातून एकदा तासभर भेटा, वहीतलं एक पान वाचून दाखवा, एकमेकींसाठी प्रार्थना करा. रविवारी ड्युटी असेल तर आठवड्यातले दुसरे चार-पाच तास विश्रांतीसाठी राखा आणि प्रभुभोजनाचा रविवार रोस्टर लागण्यापूर्वी मागून घ्या. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांना रोजच्या मिस्साचे शास्त्रपाठ तयार मिळतात, त्यांनी मार्काऐवजी तेच घ्यावेत. आखातात किंवा परदेशात मराठी मंडळी नसेल तिथे आठवड्यातून एकदा फोनवर का होईना, मायबोलीत कुणाबरोबर तरी प्रार्थना करावी. परक्या भाषेत मन लवकर उघडत नाही.

आता दोन मोठे प्रश्न. इग्नेशियसचा एक नियम दोन्हींना लागू आहे: कोरडेपणाच्या काळात, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नका. सभेतल्या भरतीतही नवा निर्णय घेऊ नका, ही त्याला माझी जोड. वर सांगितलेलं सहा महिने करा आणि मग विचार करा.

नव्या फेलोशिपमध्ये पाहुणी म्हणून जायला हरकत नाही. पण तिथे डोळे उघडे ठेवून काही गोष्टी बघा. जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जातो का? पुढारी कुणाला तरी जबाबदार आहे का, की त्याच्या वर फक्त देवच? सोडून गेलेल्या माणसांबद्दल कसं बोलतात? ज्याचं लेकरू गेलंय त्याला तिथे रडायला जागा आहे का, की दर रविवारी विजयाचीच भाषा? 'बी म्हणून अमुक रक्कम पेरा, दसपट मिळेल' असं म्हणतात का? पौलाने देण्याबद्दल लिहिताना दडपणाने देऊ नये, असं स्पष्ट सांगितलंय. आणि प्रार्थनेने बरं झालं म्हणून इन्सुलिन किंवा बीपीची गोळी बंद करायला सांगत असतील, तर त्याच दिवशी बाहेर पडा. त्याचा शेवट कुठल्या वॉर्डात होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या मंडळीत खरोखर वचन शिकवलं जात नसेल, अन्याय झाकला जात असेल, तर ती सोडण्याला कारण आहे. उपासना संथ वाटते, एवढ्याने ते होत नाही.

नोकरीबद्दल पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. विधवा आणि मुलींसाठी त्यांचे दिवसरात्र कष्ट चालू होते, त्याहून पूर्णवेळ सेवा ती काय असणार? तरी त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. ती उणीव सेवा वाढवून भरली नाही. जसं आहे तसं त्याच्यापुढे येऊन, त्याने केलेल्या तारणावर विसंबून भरली. त्यानंतरही त्यांचं आयुष्य कष्टाचंच राहिलं. केडगावला त्या मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आलं.

तेव्हा आतली पोकळी भरायला नोकरी सोडू नका. पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता आणि त्याच्या सेवेला त्याने कमीपणा आला नाही. तुम्ही रोज ज्यांचं अंग पुसता, ज्यांना कूस बदलून देता, त्यांच्याबद्दल येशूने 'ते मला केलं' असं म्हटलंय. सहा महिन्यांनंतरही सेवेची ओढ शांतपणे टिकून राहिली, पतीला आणि मंडळीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांना ती तुमच्यात दिसली, आणि घराचे हप्ते व मुलांची फी यांची सोय असली, तर तेव्हा पाळकांशी सविस्तर बोला. तोवर सुट्टीच्या दिवशी, महिन्यातून एकदा, मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या एका व्यक्तीला भेटायला जा. एकदाच आणि एकालाच. तुमच्या कामात याहून जास्त उचललंत तर तेही ओझं होईल.

पाळकसाहेबांना या आठवड्यातच फोन करून अर्धा तास मागून घ्या. 'मला कोरडं वाटतंय' एवढंच बोलून थांबू नका. कधीपासून, झोप किती होते, प्रार्थना कशी करत होतात, ती बहीण काय म्हणाली, हे सगळं कागदावर लिहून न्या. ते लगेच उपाय सांगू लागले, तर आधी हे वाचून पूर्ण करू द्या म्हणून विनंती करा.